फलकावर चढलेले बोसा मास्तर

लिव्हिंग्स्टन बोसा यांना हसताना पाहिलेला माणूस युगांडातल्या मसाका शहरात नव्हता. त्यांच्या बायकोने लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं म्हणे, पण तो फोटोही हललेला होता. बोसा मास्तर मुलांच्या माध्यमिक शाळेत डेप्युटी हेडमास्तर होते, भूगोल शिकवत, आणि शिस्त ही छडीपेक्षा चेहऱ्याने लावायची गोष्ट आहे असं त्यांचं मत होतं. त्यामुळे एका सोमवारी सकाळी मुख्य चौकातल्या फलकावर हेच मास्तर, दोन्ही हात वर करून, पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडून, आकाशपाळण्यात बसलेले दिसले तेव्हा दोन मोटरसायकलवाले एकमेकांवर आदळले. माणसं वाचली. केळ्यांचा एक घड मात्र कामातून गेला, आणि त्या घडाची मालकीण भरपाई मागायला थेट शाळेत आली.

झालं होतं असं. नाबुगाबोच्या रस्त्याला एक नवं मनोरंजन पार्क उघडणार होतं. त्याची जाहिरात करायला कंपालाहून अ‍ॅल्विन नावाचा एक तरुण आला. बिनमोज्यांचे बूट घालणारा. एरवी अशा माणसाला मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे बघितलं की वाटतं, हा माणूस खोटं बोलूच शकत नाही. मला असाच चेहरा हवाय." बावीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांच्या चेहऱ्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. मास्तर विरघळले.

पार्क उघडायच्या आधी एका बुधवारी मास्तर, त्यांची बायको रेजिना आणि दोन मुली तिथे गेले. आत ते चौघं, एक पहारेकरी आणि भिंतीवर बसलेले चार मराबू करकोचे, बाकी शुकशुकाट. अ‍ॅल्विनने मास्तरांकडून अकरा वेळा आनंदाने ओरडून घेतलं. मग रेडिओसाठी आवाज घेतला: "मी बोसा. मी येतोय, अख्खं कुटुंब घेऊन. तुम्हीही या!" त्यानंतर एक गोड आवाजाची बाई म्हणणार होती: "गर्दी नाही, गडबड नाही, रांग नाही. फक्त तुम्ही आणि तुमचं कुटुंब."

मास्तर भूगोलाचे असले तरी तर्कशास्त्र त्यांना वर्ज्य नव्हतं. ते म्हणाले, "गर्दी नाही, असं सगळ्या जिल्ह्याला सांगितलं तर गर्दी होणार नाही का?"

अ‍ॅल्विन हसला. "सर, जाहिरात एकेकट्या माणसाला सांगायची असते. ती एकदम सगळ्यांना ऐकू जाते, त्याला आपण काय करणार?"

मोबदला म्हणून चार मोफत पास मिळाले. ईस्टरच्या सोमवारचे.

फलक लागला आणि मास्तरांचं जगणं कठीण झालं. मास्तरांना टक्कल आहे. अ‍ॅल्विनच्या यंत्राने फलकावर त्यांना दाट, काळेभोर केस दिले होते. वाईट वाटण्याचं कारण म्हणजे ते त्यांना शोभत होते. शेजारच्या बाई कुंपणावरून रेजिनाला विचारू लागल्या, "ते तेल कुठलं ग?" हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बोसा, शाळेतही असं तोंड उघडत जा अधूनमधून. मुलांना कळू दे, तुम्हाला दात आहेत." आणि संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधी रोज रेडिओवर ती जाहिरात लागत असल्यामुळे मास्तर व्हरांड्यातून निघाले की कुठल्यातरी वर्गातून बारीक आवाज यायचा: "मी बोसा. मी येतोय..." मास्तर दारात पोचेपर्यंत वर्गात पंचेचाळीस डोकी नकाशात बुडालेली असायची. असा अभ्यास त्या शाळेत पूर्वी कधी झाला नव्हता.

तोवर रेजिनाने पासामागचा मजकूर वाचला. ती नर्स. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. "अहो, इथे लिहिलंय, पासधारकाने आपण जाहिरातीतलीच व्यक्ती असल्याचा, स्थानिक चेअरमनच्या सहीशिक्क्याचा दाखला आणावा."

वस्तीचे चेअरमन लुतालो हे मास्तरांच्या घरामागेच राहत. शिक्का ते कायम कोटाच्या खिशात बाळगत. लग्नाला गेले तरी, न जाणो तिथेच कुणाला रहिवासाचा दाखला लागला तर. मास्तर गेले तेव्हा चेअरमननी त्यांना बसवलं, चष्मा लावला, जाहिरातीचं पत्रक उन्हाकडे धरलं.

"ह्याला केस आहेत."

"ते त्यांनी लावलेत."

"कुणी?"

"यंत्राने."

"मास्तर, मी सरकारी माणूस. दाखला द्यायचा तर कुणाला देऊ? केसवाल्याला की तुम्हाला?"

"दोघं एकच आहोत हो आम्ही!"

"ते तुम्ही म्हणता. उद्या केसवाला आला नि म्हणाला मी बोसा, तर माझा शिक्का तोंडघशी पडेल."

तीन दिवस हे प्रकरण विचाराधीन राहिलं. शेवटी चेअरमननी लिहून दिलं: 'सदर इसम व फलकावरील इसम हे केस वगळता एकच होत.' त्यावर शिक्का मारला. मग त्यांना वाटलं, नुसत्या कागदावर विश्वास ठेवतील न ठेवतील. म्हणून साक्षीला ते स्वतः यायला निघाले.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरं संकट कालुंगु गावाहून फोनवर आलं.

"आई येतेय," रेजिना म्हणाली.

मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. "कुठे?"

"पार्कात. म्हणते, जावयाने रेडिओवरून निमंत्रण दिलं. अख्खं कुटुंब घेऊन येतोय म्हणाला. मी कुटुंबात नाही का? नाही गेले तर त्याचा अपमान होईल."

बुगांडात, म्हणजे मसाकाच्या मुलखात, जावयाने सासूला शिवायचं नसतं. शेजारी बसायचं नाही, एका ताटात काय, एका खोलीतही जेवायचं नाही, समोरासमोर यायचं नाही. मोडलं तर हात थरथरायचा आजार जडतो असं म्हातारी माणसं सांगतात. मास्तर विज्ञान मानत, पण हाताची परीक्षा घ्यायला ते तयार नव्हते, कारण त्यांना फळ्यावर नकाशे काढावे लागत. सासूबाईंना दोनदा जुळी झाली होती, म्हणून सारं गाव त्यांना मानाने नालोंगो म्हणे. त्या मुलीच्या घरी आल्या की मास्तर मागच्या दाराने बाहेर पडत. त्या अंगावरचं कापड तोंडावर ओढून पुढच्या दाराने आत येत. अठरा वर्षं हा परिपाठ असाच बिनतक्रार चालला होता. मास्तरांना सासूबाईंची पाठ चांगली ओळखता येत असे. चेहरा विचाराल तर त्यांनी अंदाजानेच सांगितला असता.

रेजिनाने वहीच्या कागदावर पार्कचा नकाशा काढून आईची बाजू आणि नवऱ्याची बाजू वेगळी केली. वेळा वेगळ्या, टॅक्सी वेगळी, फाटक वेगळं. मास्तरांनी नकाशाचं प्रमाण चुकल्याचं दाखवून दिलं, पण योजनेला संमती दिली.

ईस्टरच्या सोमवारी सकाळी दहाला ते फाटकाशी पोचले, म्हणजे फाटकापासून अर्ध्या मैलावर पोचले. पुढे माणसंच माणसं. मसाका तर होतंच, पण कालुंगु, ल्यान्तोंडे, पार कंपालाच्या रस्त्यावरची गावं लोटली होती. ट्रकमधून आलेले होते. अख्खं चर्च बँडसकट आलं होतं. प्रत्येक कुटुंब दुसऱ्या कुटुंबाकडे अशा नजरेने बघत होतं, की गर्दी नाही असं सांगितलं असताना तुम्ही इथे कसे?

फाटकावरच्या माणसाने पास पाहिला, मास्तरांना पाहिलं, मग डोक्यावरच्या फलकाला पाहिलं. "हे तुम्ही नाही."

चेअरमन पुढे झाले. दाखला दिला. त्याने तो ओठ हलवत वाचला. "'केस वगळता' म्हणजे?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हाच तो! रेडिओवाला!" आणि ज्या चेहऱ्याची ओळख दाखल्याने पटत नव्हती, ती तीन हजार माणसांना एका क्षणात पटली. लोटालोटीत मास्तर, चेअरमन, बायको-मुली आणि तो फाटकवाला असे सगळेच एकदम आत गेले. पास कुणी घेतलाच नाही.

आत सहा खेळांपैकी दोन चालू होते. भज्यांच्या तेलात भजी मावत नव्हती आणि सरबत केव्हाच संपलं होतं. एका संडासापुढे आकाशपाळण्याहून मोठी रांग होती. लाउडस्पीकर मात्र जोरात होते, आणि त्यावर एकसारखी तीच जाहिरात चालू होती. आलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा बोलावणं चाललं होतं.

"मास्तर, रांग नाही म्हणालात!" एका बाईने त्यांची बाही धरली. तिच्या डोक्यावर केळीच्या पानात बांधलेलं, उकडलेल्या केळ्यांचं जेवण होतं. "तासभर उभी आहे मी. माटोके गार झालं."

"रांग नाही, असं मी म्हणालो नव्हतो. ती दुसरी बाई."

"तिचं तोंड आम्ही बघितलं नाही. तुमचं बघून आलो."

तोवर आणखी दहाजण जमले. कुणी चुकलेल्या भावजयीची चौकशी केली, कुणी पैसे परत मागितले, एका म्हाताऱ्याने तर पार्कची वेळ संध्याकाळी एक तास वाढवावी असा अर्ज तोंडी दिला. पार्कची मॅनेजर कुठे आहे म्हणून मास्तर शोधायला गेले, तर मिस काटुशाबे तिकिटाच्या खोक्यात आतून कडी लावून बसल्या होत्या. फटीतून म्हणाल्या, "सर, मला हॉटेलची सवय आहे हो. तिथे माणसं खोलीत जातात."

आकाशपाळण्यापाशी मात्र हसण्यासारखं राहिलं नव्हतं. मागचे पुढच्यांना रेटत होते आणि पुढच्यांना लोखंडी कठड्यापलीकडे जागा नव्हती. कठडा करकरत होता. एक लहानगी आईच्या कडेवर असूनही चेपली जाऊन रडत होती. पाळण्यात बसायला मिळालेले लोक आपला मामा, आपली चुलत बहीण येईपर्यंत डबा अडवून धरत होते. पाळणा थांबलेला आणि गर्दी वाढत चाललेली.

मास्तरांनी ते पाहिलं. पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही. ते आइस्क्रीमच्या रिकाम्या फ्रीजवर चढले आणि प्रार्थनेच्या मैदानावरचा आवाज काढला.

"सगळे! जागच्या जागी!"

त्या गर्दीत निम्मे पुरुष कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेले होते. बँकेतले, दुकानदार, दोन पोलीस, सगळे गुडघे जुळवून ताठ उभे राहिले. त्यांना पाहून त्यांच्या बायका थांबल्या आणि बायकांना पाहून बाकीचे.

"एक पाऊल मागे. अजून एक. उंचीप्रमाणे... नाही, उंची राहू द्या. दोन ओळी. प्रत्येक डबा भरूनच जाईल. पुढे जो असेल तो बसेल. मामा नाही, मावशी नाही, निवड नाही. अपवाद नाही!"

कठडा करकरायचा थांबला. त्या लहानग्या मुलीची आई पहिल्या डब्यात बसली. पाळणा फिरू लागला, थांबू लागला, भरू लागला. रेजिना आणि मुलींची पाळी आली तेव्हा नियमानुसार मुली एका डब्यात गेल्या आणि रेजिना तीन कसायांबरोबर दुसऱ्यात. वर जाताना तिने नवऱ्याकडे टाकलेला कटाक्ष नियमात बसत नव्हता, पण मास्तरांनी तो चालवून घेतला. खरं सांगायचं तर तासभर ते फार सुखात होते. एवढी मोठी शाळा त्यांना कधी मिळाली नव्हती.

मग लोकच म्हणाले, "मास्तर, आता तुम्हीही बसा!" टाळ्या पडल्या. नाही म्हणवेना. मास्तर चेअरमनबरोबर ओळीत उभे राहिले, पाळी आली, दोघं डब्यात बसले. पाळण्यावरचा माणूस वास्वा हा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने ओळीतल्या पुढच्या म्हातारीला हात देऊन समोरच्या बाकावर बसवलं. उंच खांद्यांचा निळा गोमेसी झगा, हातात मोठी टोपली, आणि तोंडावर ओढलेलं कापड. टोपलीला चौथं माणूस धरून वास्वाने दांडा लावला.

पाठ दिसत नव्हती म्हणून मास्तरांना क्षणभर कळलं नाही. मग एव्हाना खाली उतरलेल्या रेजिनाची कठड्यापलीकडून किंकाळी आली: "आई!"

मास्तर उठले. "वास्वा! दांडा काढ! मला उतरायचंय!"

"सर, अपवाद नाही," वास्वा आदराने म्हणाला.

"अपवाद नाही, मास्तर!" दोन्ही ओळी एका सुरात ओरडल्या.

डबा हलला. मास्तरांनी तोंड फिरवून पूर्वेला धरलं. नालोंगोंनी पश्चिमेला. चेअरमन लुतालो, कुणी सांगायची वाट न बघता, मध्ये उभे राहिले आणि त्यांनी आपला कोट दोन्ही हातांनी पडद्यासारखा पसरला. शिक्का खिशातून पडून बाकाखाली गेला, तरी ते वाकले नाहीत.

डबा बरोबर माथ्यावर पोचला आणि जनरेटर बसला. सकाळपासून त्याच्यावर पाळणाही होता आणि ते जाहिरातवाले लाउडस्पीकरही. शेवटचं "मी बोसा, मी ये..." एवढं घरंगळत निघालं आणि सगळीकडे शांतता झाली.

वारा होता. डबा जरासा झुलत होता.

"चेअरमन," नालोंगो पश्चिमेला बघत म्हणाल्या, "इथे अजून कुणी बसलंय का?"

"बसलंय, नालोंगो."

"त्याच्या डोक्यावर टोपी आहे का? ऊन आहे."

"मास्तर, टोपी?"

"नाही म्हणावं."

"नाही म्हणतात."

कोटाखालून एक हातरुमाल आला. चेअरमननी तो पायाने ह्या बाजूला सरकवला. मास्तरांनी तो डोक्यावर ठेवला. त्याला आल्याचा वास होता.

"चेअरमन, त्या माणसाला सांगा, लग्नाच्या मागणीला आला तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला भाड्याचा माणूस आणला होता. रीतच आहे, आणतात. पण तो माणूस दुपारभर बोलला आणि हा एक अक्षर बोलला नाही. पुढे अठरा वर्षं मी काही ऐकलं नाही. मी तर धरूनच चालले होते की मुका आहे. पोरीने माझ्यापासून लपवलं, असं वाटायचं. मुक्याला दिली म्हणून मी देवाला बोल लावायची."

चेअरमन चकित होऊन वळले. "मास्तर, त्या म्हणतात..."

"ऐकलं मी."

"मग रेडिओवर आवाज आला," नालोंगो म्हणाल्या. "शेजारीण म्हणाली, हा तुझा जावई. मी म्हटलं, तो कसा बोलेल? दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं. आता सहा वाजता मी हातातलं काम ठेवून बसते. मला काय करायचाय हा पाळणा? घरी गेले की तो निघून जातो. म्हटलं, इथे गर्दीत कुठेतरी जोरात बोलेल, लांबून ऐकू येईल. आणि आलाच ऐकू. सगळ्यांना ओळीत उभं केलंन्."

मास्तरांचे डोळे भरून आले. उंचावर वारा फार असतो, असं त्यांनी नंतर रेजिनाला सांगितलं.

"चेअरमन, त्यांना म्हणावं, मी मुका नाही."

"ते कळलं," नालोंगो म्हणाल्या. चेअरमनना तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. "मग बोलायला सांगा. मला खाली बघवत नाही. भीती वाटते."

काय बोलणार? मास्तरांना वर्गाबाहेरचं बोलणं येत नसे. त्यांनी घसा खाकरला आणि पूर्वेपासून सुरुवात केली. तो चमकतोय तो नाबुगाबो तलाव. त्याच्यापलीकडे मोठं सरोवर, इथून दिसत नाही, पण तिकडचा ढग त्याचाच. दुपारनंतर वारा तिकडून वाहतो. त्या टेकड्या माथ्यावर सपाट का, दरीत बोरू का वाढतो, कालुंगुचा रस्ता कोणत्या झाडांमागून जातो. नालोंगो डोळे मिटून "हं" म्हणत होत्या. वरखालच्या डब्यांतली रडणारी मुलं गप्प होऊन ऐकू लागली. चेअरमनचे दोन्ही हात भरून आले होते, पण कोट खाली आला नाही. चाळीस मिनिटांनी जनरेटर चालू झाला तेव्हा मास्तर जमिनीची धूप ह्या विषयावर होते. तो अर्धाच राहिला.

गर्दीतून जिवंत परतलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन दहाजणांना सांगितलं की तिकडे फिरकू नका. पुढच्या रविवारी मास्तर हरवलेल्या शिक्क्याची चौकशी करायला गेले तेव्हा आत फक्त मिस काटुशाबे होत्या. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि फार बरं वाटल्याचं सांगितलं.

सासू-जावयाच्या एका डब्यात बसण्यावर कुळाच्या वडीलधाऱ्यांनी दोन बैठका घेतल्या. मास्तरांनी त्यांच्यासमोर हात पुढे केले. हात थरथरत नव्हते. तरी दोष तो दोषच. जावयाने सासूकडे एक कोंबडी पोचवावी, असं ठरलं. अशा वस्तू नेहमी रेजिनाच नेई. पण कालुंगुहून निरोप आला: कोंबडी ज्याची, त्यानेच आणावी. केळीच्या बागेपाशी उभं राहावं, अंगणात येऊ नये, आणि काय आणलंय ते नीट मोठ्याने सांगावं.

शनिवारी सकाळी मास्तर कोट घालून, काखेत कोंबडी धरून केळीत उभे राहिले. समोर अंगण, पलीकडे उघडं दार, दारात कुणी नाही.

"मी बोसा," ते म्हणाले. "कोंबडी आणलीय."

मास्तरांनी कोंबडीकडे पाहिलं.

"गावठी आहे. तांबडी. नऊ महिन्यांची." ते थांबले. नालोंगोंची शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. "येताना रस्ता चांगला होता. पुलाजवळ थोडा खचलाय. त्याचं कारण असं, की डोंगरउतारावरची झाडं तोडली की पाणी मुरायला जागा राहत नाही..."

आत स्टूल ओढल्याचा आवाज झाला. तो दाराजवळ येऊन थांबला.

मास्तरांनी कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली आणि जमिनीची धूप पहिल्यापासून समजावून सांगायला घेतली.